सहा सूर्यांचा ग्रह आणि व्हाइटफील्डची रात्र

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरूतील व्हाइटफील्ड येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या मेळाव्यात परग्रहाची कथा कशासाठी, असा प्रश्न येथे जमलेल्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याची कारणे दोन आहेत. ही कथा मुळात एका पिढीने पुढच्या पिढीच्या हाती काय ठेवावे याविषयीची आहे; आणि त्या कथेतील ग्रह खरोखर असू शकेल काय, हे तपासण्याचा प्रयत्न याच बेंगळुरू शहरात झालेला आहे.

१९४१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणारा एकवीस वर्षांचा एक तरुण विज्ञानकथा लिहीत असे. त्याचे नाव आयझॅक असिमोव्ह. तारे हजार वर्षांतून एकाच रात्री दिसले असते तर माणसांनी त्या दर्शनाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली असती, असा विचार अमेरिकन तत्त्वचिंतक एमर्सन यांनी मांडला होता. जॉन कॅम्पबेल या संपादकांना तसे वाटत नव्हते. माणसे वेडी होतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ही कल्पना असिमोव्ह यांच्याकडे सोपवली आणि त्यातून ‘नाइटफॉल’ ही कथा जन्मली. ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकात प्रसिद्ध झाली. मूळ कथेत ग्रहाचे नाव लगाश असे होते. पुढे १९९० मध्ये असिमोव्ह आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी या कथेची कादंबरी केली, तेव्हा त्याच ग्रहाला कलगाश हे नाव मिळाले. या व्याख्यानात तेच नाव घेतले आहे.

कलगाशच्या आकाशात सहा सूर्य आहेत. कादंबरीत त्यांची नावे ओनोस, डोविम, ट्रे, पात्रू, टानो आणि सिथा अशी आहेत. एक मावळला तरी दुसरा, तिसरा किंवा चौथा क्षितिजावर असतोच. त्यामुळे तेथे रात्र होत नाही. रात्रच नसल्याने कृत्रिम दिव्यांचा शोध लावण्याची निकड कोणाला वाटलेली नाही. मोठे विद्यापीठ आहे, वेधशाळा आहे, वृत्तपत्रे आहेत; तरीही तारा म्हणजे काय हे एकाही माणसाने पाहिलेले नाही. विश्व म्हणजे आपला ग्रह आणि हे सहा सूर्य, अशी सर्वांची समजूत आहे. ती समजूत अडाणीपणाची नाही. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढ्यावरून कोणीही सुज्ञ माणूस हाच निष्कर्ष काढील.

कथेतील शास्त्रज्ञांना पहिली शंका येते ती गणितातून. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार ग्रहाचा मार्ग जसा यायला हवा तसा तो येत नाही. मग ते विचार करतात की न दिसणारे एखादे पिंड त्याला ओढत असले पाहिजे. असाच तर्क आपल्या जगात खरा ठरलेला आहे. युरेनसच्या गतीत पडणाऱ्या फरकावरून नेपच्यूनचे स्थान आधी कागदावर काढले गेले आणि १८४६ मध्ये तो त्या जागेजवळच दुर्बिणीतून सापडला. कलगाशच्या बाबतीत ते पिंड म्हणजे एक चंद्र आहे. त्याचा खडक निळसर आहे, म्हणून उजळलेल्या आकाशात तो कधी दिसत नाही. दर २०४९ वर्षांनी अशी वेळ येते की ग्रहाच्या एका बाजूच्या आकाशात एकच सूर्य उरतो, तोही मंद लाल, आणि हा चंद्र नेमका त्याच्यासमोर येतो. त्या सूर्याच्या बिंबाच्या सातपट व्यास असलेले चंद्रबिंब त्याला पूर्ण झाकते. पृथ्वीवर खग्रास ग्रहणाचा अंधार जास्तीत जास्त साडेसात मिनिटे टिकतो आणि एका अरुंद पट्ट्यापुरताच पडतो. कलगाशवर तो अर्ध्या दिवसाहून अधिक काळ टिकतो, त्यामुळे ग्रह स्वतःभोवती फिरत असताना त्याचा एकही कोपरा त्यातून सुटत नाही.

याच सुमारास पुरातत्त्वाचे अभ्यासक जमिनीखालून दुसरी साक्ष काढतात. पूर्वी नऊ संस्कृती ऐन भरात असताना आगीत भस्मसात झाल्याचे त्यांना आढळते, आणि त्या घटनांमधील अंतर साधारण दोन हजार वर्षांचे आहे. तिसरी साक्ष एका पंथाकडे आहे. जग काळोखाच्या गुहेत शिरेल, ‘तारे’ नावाचे काही तरी प्रकट होईल आणि माणसांची बुद्धी हरपेल, असे त्यांच्या ग्रंथात लिहिलेले आहे. म्हणजे सत्याचे तिन्ही तुकडे त्या समाजाजवळ होते. एक गणितात होता, एक मातीत आणि एक पोथीत. पंथाने पोथीतला इशारा जपला, पण त्याचे कारण शोधले नाही. शास्त्रज्ञांना कारण सापडले, पण लोकांनी त्यांची टर उडवली.

ग्रहण लागते. आकाशात एकाएकी तीस हजार तारे उजळतात, कारण कलगाश एका प्रचंड तारकागुच्छाच्या मध्यभागी आहे. बारा-पंधरा तारे असतील असा काहींचा अंदाज होता. एवढ्या अफाट विश्वाची कोणाला कल्पनाच नव्हती. भेदरलेली माणसे उजेडासाठी हाती येईल ते पेटवतात आणि शहर जळू लागते. दहावी संस्कृतीही आधीच्या नवांच्या वाटेने जाते.

श्रोतेहो, या कथेत दोष अंधाराला देता येत नाही. अंधार तोच असतो. त्याला सामोरे जाण्याची तयारी मात्र वेगवेगळी असते. याची दोन उदाहरणे येथून फार दूर नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल हे त्या वेळी जमखंडीला होते. पटवर्धनांचे हे संस्थान आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथून त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला, तर फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिला. त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे अशा निरीक्षणांतून उमगले. त्यांच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचा पाठपुरावा होत होत हेलियम या मूलद्रव्याची ओळख पटली. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये सापडले. काही मिनिटांच्या अंधाराने माणसाला एक नवे मूलद्रव्य दिले.

त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला आणि १६ फेब्रुवारी १९८० रोजी पुन्हा अशीच छाया उत्तर कर्नाटकावरून गेली. त्या दिवशी शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन मोकळ्या माळावर उभे होते आणि देशातील अनेक शहरांचे रस्ते ओस पडले होते. मुलांना घरात बसवून दारे-खिडक्या लावून घेतल्या गेल्या. ‘दे दान सुटे गिराण’ ही हाक ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांना त्या भीतीची जातकुळी सांगायला नको. डोळ्यांची काळजी घेणे योग्यच होते. पण सुरक्षित कसे पाहावे हे ज्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांच्यापुढे दार लावण्याखेरीज मार्ग उरला नाही. आयुष्यात एकदा येणारे ते दर्शन त्यांच्या अंगणावरून निघून गेले.

आता बेंगळुरूतील त्या गणिताकडे वळू. येथील कोरमंगल भागात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. स्मरण देशमुख आणि या संस्थेतील शास्त्रज्ञ जयंत मूर्ती यांनी २०१४ मध्ये कलगाशवर एक शोधनिबंध लिहिला. असा ग्रह असू शकेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी तपासायला घेतल्या. ग्रहण किती वेळ टिकेल, सहा सूर्यांच्या उजेडात बाकीचे विश्व खरोखर अदृश्य राहील काय, आणि एवढ्या सूर्यांच्या ओढाताणीत ग्रहाची कक्षा कशी असेल? कादंबरी वाचून संपल्यावर वही उघडून आकडे मांडण्याची ही वृत्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. कल्पनेचा मान राखायचा तर तिची परीक्षाही घ्यावी लागते.

सहा सूर्य ही कल्पनाही अगदीच हवेतली नाही. पुनर्वसू नक्षत्रातील दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टर हा नुसत्या डोळ्यांना एकच तारा दिसतो. प्रत्यक्षात तो सहा ताऱ्यांचा समूह आहे. त्यात तीन जोड्या आहेत आणि तिसरी जोडी मंद लाल बटू ताऱ्यांची आहे. तो पृथ्वीपासून सुमारे ५१ प्रकाशवर्षे दूर आहे. दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह तर २०११ मध्ये केप्लर दुर्बिणीने दाखवून दिला. एका घरात एकाहून अधिक सूर्य असणे हे आकाशात मुळीच नवलाचे नाही.

मराठी वाचकाला अशा कल्पित जगांची ओळख लवकर झाली. ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूपांतर ‘केरळ कोकीळ’ या मासिकात १९०० साली येऊ लागले, आणि ते मासिक सुरू झाले होते कोचीत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी मायभाषेत विज्ञानाची कल्पना करावी, ही प्रथा इतकी जुनी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. ते लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन टोपणनाव योजले होते, म्हणजे परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहावी. जगभर कीर्ती मिळवलेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा मराठीत लिहावीशी वाटली, ही गोष्ट मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाला धीर देणारी आहे.

व्हाइटफील्डकडे पाहिले की कलगाश फार जवळचा वाटू लागतो. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही शेतवस्ती वसली आणि डी. एस. व्हाइट यांच्यावरून तिला नाव मिळाले. कंदिलांच्या त्या काळात येथील रात्र पूर्ण रात्र होती. १९९० च्या दशकात तंत्रज्ञान उद्याने आली, मागोमाग उंच गृहसंकुले आणि मॉल आले, आणि अलीकडे मेट्रोही काडुगोडीपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील दिवस सांभाळण्यासाठी येथे अक्षरशः रात्रीचा दिवस करावा लागतो. काचेच्या इमारतींचे, जाहिरात फलकांचे आणि रस्त्यांचे दिवे मिळून एक सातवा सूर्य तयार झाला आहे, आणि तो कधीच मावळत नाही. खऱ्या काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. येथील गच्चीवरून ते बोटांवर मोजता येतात. आकाशात काही चमकले तर मूल आधी विचारते, हे विमान आहे का? येथे वाढणाऱ्या कित्येक मुलांनी आकाशगंगेचा पट्टा केवळ पडद्यावर पाहिला आहे.

यात कोणाचा अपराध आहे असे नाही. याच दिव्यांखाली येथल्या कुटुंबांची चूल पेटते, आणि रात्री उशिरा घरी परतणाऱ्या मुली-बायकांना हे दिवे हवेच आहेत. तरीही जे कधी पाहिलेच नाही त्याची उणीव भासत नाही, हा कलगाशचा धडा येथेही लागू पडतो. तारे झाकले गेले की त्यांची नावेही वापरातून जातात. कृत्तिका, मृग, व्याध, पुनर्वसू हे शब्द पंचांगात उरतात आणि त्यांच्यामागचे आकाश हरवते. भाषेचेही नेमके असेच होते. शब्द कोशात सुरक्षित असतात, पण त्यांचा अर्थ बोट दाखवून सांगणारे माणूस घरात लागते.

उपायही फार दूर नाही. व्हाइटफील्डहून काडुगोडीमार्गे होसकोट्याकडे जाणारा रस्ता येथील सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या होसकोट्याजवळ भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे केंद्र आहे. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. उपग्रहाच्या दुव्याने तिला होसकोट्याच्या खोलीत बसून चालवले जाते. हानलेच्या परिसराला २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. तेथील गावकरी दिव्यांना आडोसा करतात, खिडक्यांना जाड पडदे लावतात आणि पाहुण्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात. अंधार हीही जपण्याची संपत्ती आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणजे व्हाइटफील्डच्या झगमगाटाला लागूनच एक खोली आहे, जिच्या पडद्यावर हिमालयातील निर्भेळ रात्र उतरते.

असिमोव्ह यांच्या कथेत एक जागा अशी आहे की तिच्याकडे शाळेशी नाते असणाऱ्यांचे लक्ष जायला हवे. ग्रहण टळणार नाही हे कळल्यावर शास्त्रज्ञ सुमारे तीनशे माणसांना एका आश्रयस्थानी पाठवतात. अन्न आणि पाणी यांच्या बरोबरीने तेथे आजवरच्या सर्व नोंदी नेऊन ठेवल्या जातात. आपण वाचलो नाही तरी पुढच्या आवर्तनातील माणसांना खरे काय घडले ते कळावे, हा त्यामागचा हेतू आहे. पुढच्या पिढीच्या हाती आपली भीती न देता आपली वही द्यायची, एवढेच ते काम. कोणत्याही चांगल्या शाळेचे काम यापेक्षा वेगळे नसते. २०४९ वर्षांच्या काळात साठ वर्षांचे आयुष्य असलेल्या चौतीस शाळा एकामागून एक बसतील. त्यांतील एका जरी शाळेने वही पुढे द्यायची राहून दिली, तरी साखळी तुटते आणि उरतात त्या अर्धवट कळलेल्या दंतकथा.

मराठी माध्यमाने येथे जमलेल्यांना ती वही दिली. घनता, परिवलन, परिभ्रमण, गुरुत्वाकर्षण हे शब्द त्यांना परके वाटले नाहीत, कारण ते आईच्या बोलण्याशी जोडलेले होते. आज त्यांची मुले इंग्रजीत शिकतात, मैदानावर कन्नड बोलतात आणि आजीशी मराठीत बोलतात. त्यात वाईट काही नाही. कलगाशच्या लोकांना एकाच्या ऐवजी तिन्ही साक्षी जुळवता आल्या असत्या तर ते वाचले असते. ज्या मुलाजवळ तीन भाषा आहेत त्याच्याजवळ पाहण्याच्या तीन वाटा आहेत. मात्र त्यांपैकी मराठीची वाट घरातूनच निघते. ती उघडी ठेवणे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्याच हाती आहे.

शेवटी एका खऱ्या परग्रहाची गोष्ट. सिंह राशीच्या दक्षिणेला, सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर, एक फिकट तारा आहे. आपल्या गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा एक ग्रह त्याभोवती दोन दिवसांहून थोड्या अधिक वेळात प्रदक्षिणा घालतो. अशा ग्रहांची एक बाजू सदैव ताऱ्याकडे असते, असे मानले जाते. म्हणजे अर्ध्या ग्रहावर कलगाशचा अखंड दिवस आणि उरलेल्या अर्ध्यावर अखंड रात्र. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०१९ मध्ये या जोडीला नाव देण्याचा मान भारताला दिला. ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले. वैश्विक किरणांवर मूलभूत काम करणाऱ्या बिभा चौधुरी यांचे ते स्मरण, आणि बंगालीत त्या शब्दाचा अर्थ प्रकाशाचा झोत. ग्रहाला मिळालेले ‘संतमस’ हे नाव पुण्यातील तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. संस्कृतात त्याचा अर्थ दाट काळोख, झाकोळ. प्रकाशाभोवती फिरणारा काळोख, असे ते जोडनाव आहे.

तेरा वर्षांच्या मुलाला हा शब्द कोणाकडून तरी मिळाला असेल. हीरक महोत्सवाच्या या वर्षात येथील पालकांनी एवढे करावे. पौष किंवा माघाच्या अमावास्येच्या आसपास मुलांना घेऊन शहराच्या दिव्यांपलीकडे एखाद्या मोकळ्या माळावर जावे. गाडीचे दिवे मालवावेत. डोळ्यांना काळोखाची सवय होण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ फोन खिशात राहू द्यावा. मग बोट दाखवून सांगावे की हा मृग, तो व्याध, त्या कृत्तिका आणि तो पुनर्वसू, ज्यातला एक तारा सहा सूर्यांचा आहे. कलगाशच्या मुलांना असे सांगणारे कोणी नव्हते.